चिठ्ठीने मिटलेला वाद

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुनी पुस्तके चाळत उभे राहण्याची सवय आमच्यापैकी बहुतेकांना आहे. अशाच एका दुपारी जाड पुठ्ठ्याचे, सहाशेहून अधिक पानांचे एक इंग्रजी पुस्तक हाती आले. नावाचे मराठी करायचे तर ‘जीवविज्ञानातील परिस्थिती’. मॉस्कोच्या परदेशी भाषा प्रकाशनगृहाने ते १९४९ मध्ये छापले आहे. आत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा शिक्का आणि त्यावर लाल शाईत ‘रद्द’ असा शेरा. मागच्या तारखांच्या कागदावर तीनच नोंदी.

सोव्हिएत पुस्तकांशी आपला संबंध जुना आहे. पेरेलमानची पदार्थविज्ञानाची पुस्तके लोकवाङ्‌मय गृहाच्या प्रदर्शनात चार-पाच रुपयांना घेऊन ज्यांनी वाचली, असे शिक्षक आजही भेटतात. आमचेही विज्ञानाचे वेड तिथूनच सुरू झाले. हे पुस्तक त्याच देशातून आलेले, पण वेगळ्या जातीचे. लेनिन कृषिविज्ञान अकादमीची जी सभा ३१ जुलै ते ७ ऑगस्ट १९४८ या दिवसांत मॉस्कोत झाली, तिचा हा शब्दशः वृत्तान्त. या सभेत ट्रोफिम लायसेन्को यांचे मत अधिकृत ठरले, मेंडेल आणि मॉर्गन यांचे आनुवंशशास्त्र बाद झाले, आणि सोव्हिएत संघातील विद्यापीठांतून ते शिकवणे बंद पडले.

इतक्या जुन्या वृत्तान्ताचे परीक्षण आता कशाला, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. तो शिकवताना आपल्यातले हौशी शिक्षक लायसेन्कोची गोष्ट सांगतात. आम्हीही सांगत आलो. त्या गोष्टीत एक अर्धवट शिकलेला महत्त्वाकांक्षी माणूस असतो, त्याच्या पाठीशी एक हुकूमशहा असतो, आणि निकोलाय वाव्हिलोव्हसारखा थोर शास्त्रज्ञ १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मरतो. यातले काहीही खोटे नाही. पण ही गोष्ट सोव्हिएत सरहद्दीशी येऊन थांबते, आणि ऐकणाऱ्या मुलाला वाटते की हा एका देशातल्या एका वेड्याचा प्रकार होता. हे पुस्तक मात्र रशियनमध्ये छापून थांबले नाही. ते इंग्रजीत, जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये निघाले, कारण ते सरहद्द ओलांडण्यासाठीच होते. एका राजधानीत झालेला निर्णय दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम कसा होतो, हे समजून घ्यायचे तर गोष्टीचा हा दुसरा भाग सांगितला पाहिजे.

आधी शास्त्रापुरते पाहू. लायसेन्को प्रसिद्धीला आले ते १९२९च्या सुमारास, गव्हाचे ओलसर बी थंडीत ठेवून ते वसंतात पेरण्याच्या पद्धतीमुळे. थंडीने फुलोऱ्याच्या वेळेवर परिणाम होतो ही गोष्ट खरी आहे आणि ती त्यांच्या आधीही माहीत होती. त्यांचा दावा पुढचा होता: परिस्थितीने वनस्पतीत घडवलेला बदल पुढच्या पिढीत उतरतो, आणि योग्य ‘शिक्षण’ दिले की पिकाची जात हवी तशी बदलता येते. गुणसूत्रे, जनुके ही त्यांच्या मते कल्पित गोष्ट. दुसरा दावा कलमांचा. एका जातीच्या खुंटावर दुसऱ्या जातीची काडी बांधली की दोघांच्या आनुवंशिक गुणांचा संकर होतो आणि तो बियांतून पुढे जातो, असे ते सांगत.

कोकणातल्या बागायतदारापुढे हा दावा मांडला तर तो काय म्हणेल? रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. खुंटाचा परिणाम झाडाच्या जोमावर, उंचीवर होतो हे त्याला ठाऊक असते. पण फांदीला लागतो तो हापूसच. तसे नसते तर कलमांचा सगळा धंदाच बसला असता. वर्गात हे उदाहरण द्यायला हरकत नाही, मात्र एक सावधगिरी ठेवावी. २००९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी तंबाखूच्या कलमांवर काम करून दाखवले की, सांध्यापाशी एका झाडाच्या पेशीतून दुसऱ्याच्या पेशीत हरितलवकातला डीएनए जाऊ शकतो. अलीकडे रशियात काही मंडळी असे शोध आणि जनुकांच्या वर बसणाऱ्या रासायनिक खुणांचे नवे ज्ञान पुढे करून ‘लायसेन्को बरोबरच होते’ असे म्हणू लागली आहेत. ते टिकत नाही. सांध्यापुरता झालेला बदल बियांत उतरत नाही, आणि हे नवे शोध लागले तेच मुळी जनुके मानणाऱ्या शास्त्रातून.

आता पुस्तकाकडे. पहिली गोष्ट मोकळेपणाने कबूल करायला हवी की ते वाचनीय आहे. इंग्रजी ताठ आहे, ‘प्रतिगामी’, ‘आदर्शवादी’ ही विशेषणे पानोपानी येतात, आणि डझनभर वक्ते एकच भाषण आलटून पालटून करतात. पण विरोधकांची भाषणे गाळलेली नाहीत. पन्नासहून अधिक वक्त्यांत ते बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, तरी आहेत. योसिफ रापोपोर्ट हे तरुण आनुवंशशास्त्रज्ञ, महायुद्धात एक डोळा गमावून आलेले. त्यांनी उघडपणे जनुक सिद्धान्ताची बाजू मांडली. उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक श्मालहाउझेन बोलले. नेमचिनोव्ह हे मॉस्कोच्या तिमिर्याझेव्ह कृषी अकादमीचे संचालक, विषयाने संख्याशास्त्रज्ञ. गुणसूत्रांचा सिद्धान्त ही मानवजातीच्या ज्ञानाची कायमची ठेव आहे, अशा अर्थाचे ते बोलले. सभागृहातून विरोधाचे आवाज उठले. तेही कंसात छापलेले आहेत.

या कंसांनीच आम्हाला सर्वांत जास्त शिकवले. शास्त्रज्ञांच्या सभेच्या वृत्तान्तात कंसात आकृतीचा किंवा तक्त्याचा क्रमांक असावा अशी आपली अपेक्षा. इथे टाळ्या, हशा, पुन्हा टाळ्या. लायसेन्को यांच्या मुख्य निवेदनात दाव्यांच्या मानाने मोजमाप फारच थोडे आहे. हा निष्काळजीपणा नव्हता. विज्ञान हे योगायोगाचे शत्रू आहे असे ते समारोपात सांगतात. मेंडेलचे ३:१ हे गुणोत्तर शेकडो वाटाण्यांत दिसते, एका शेंगेत दिसत नाही. ज्याला संभाव्यताच मान्य नाही त्याला मेंडेल कळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि स्वतःच्या प्रयोगातली चूक सापडण्याचाही नाही.

शेवटच्या दिवशी, ७ ऑगस्टला, वाद एका चिठ्ठीने मिटला. तुमच्या निवेदनाबद्दल पक्षाच्या मध्यवर्ती समितीचे मत काय, असे एका चिठ्ठीत विचारले आहे, हे लायसेन्को यांनी सांगितले. आणि लगेच उत्तरही दिले: समितीने निवेदन तपासले आहे आणि मान्य केले आहे. सभागृह उठून उभे राहिले, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर तीन विरोधक, झुकोव्स्की, अलिखान्यान आणि पोल्याकोव्ह, एकामागून एक उठले आणि आपली चूक झाल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच दिवशीच्या ‘प्रावदा’त युरी झ्दानोव्ह यांचे स्टालिनला लिहिलेले माफीपत्र छापून आले. याच झ्दानोव्हनी काही महिन्यांपूर्वी लायसेन्कोवर जाहीर टीका केली होती. रापोपोर्टनी माफी मागितली नाही. त्यांची नोकरी गेली, पक्षातून ते काढले गेले आणि पुढची काही वर्षे भूशास्त्राच्या कामावर त्यांनी पोट भरले. नेमचिनोव्ह यांचे संचालकपद गेले. श्मालहाउझेन यांना मॉस्को विद्यापीठातून दूर केले गेले.

त्या तिघांवर हसणे सोपे आहे. आम्ही हसलो नाही. वरून आलेल्या परिपत्रकावर, ते चूक आहे हे माहीत असूनही, निमूटपणे सही करण्याचा अनुभव शाळेत नोकरी केलेल्या कोणाला नाही?

पुस्तकात नसलेल्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. सभेपूर्वीच अकादमीत ३५ नवे सदस्य निवडणूक न घेता सरकारी हुकमाने नेमले होते. म्हणजे टाळ्या वाजवणारे हात आधीच मोजून बसवलेले होते. दुसरी गोष्ट सोव्हिएत दफ्तरे खुली झाल्यावर, १९९०नंतर, उजेडात आली. लायसेन्कोचे निवेदन स्टालिनने स्वतः हाताने दुरुस्त केले होते. प्रत्येक विज्ञान हे वर्गीय असते, असे त्यात एके ठिकाणी होते. त्यापुढे स्टालिनने समासात हसण्याचा शेरा लिहून, मग गणिताचे काय, असा प्रश्न टाकला, आणि ‘बूर्झ्वा’ हे विशेषण ठिकठिकाणी काढले. म्हणजे गणिताला वर्ग नसतो हे हुकूमशहालाही कळत होते. जीवशास्त्राच्या बाबतीत मात्र निकाल त्याने दिलाच.

इथपर्यंतची गोष्ट त्या देशाची. आता पुस्तक सरहद्द ओलांडते.

चेकोस्लोव्हाकियात फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली होती. मेंडेलने ज्या ब्रनो शहरात वाटाणे लावले, तिथल्या चौकात १९१० पासून त्याचा पुतळा होता. १९५० मध्ये मठ बंद केला गेला आणि पुतळा चौकातून उचलून मठाच्या आवारात नेला गेला. त्याच शहरातले आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक यारोस्लाव क्रिझेनेत्स्की यांचे अध्यापन बंद झाले. पुढे त्यांना तुरुंगही भोगावा लागला. मॉस्कोहून कोणी रणगाडा घेऊन पुतळा हलवायला आला नव्हता. हलवणारे हात तिथलेच होते.

चीनची हकिकत अधिक बोलकी आहे. ली जिंगजुन हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकून परतलेले शास्त्रज्ञ. त्यांचे लोकसंख्या आनुवंशशास्त्रावरचे पुस्तक १९४८ मध्ये पेकिंग विद्यापीठाने छापले होते. पुढच्याच वर्षी नवी राजवट आली. सोव्हिएत संघाकडून शिका, हे धोरण ठरले. सोव्हिएत पाठ्यपुस्तकांचे अनुवाद आले, सल्लागार आले, आणि कृषी विद्यापीठात लींचे आनुवंशशास्त्राचे व जैवसांख्यिकीचे वर्ग बंद करण्यात आले. १९५०च्या सुरुवातीला ते बायको-मुलीला घेऊन हाँगकाँगला निघून गेले. चीनमध्ये आनुवंशशास्त्राचा मृत्यू झाला, अशा मथळ्याचे त्यांचे पत्र त्याच वर्षी एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत आले. पुढचे आयुष्य त्यांनी पिट्सबर्गला शिकवण्यात घालवले.

मथळा थोडा घाईचा ठरला. मॉर्गनच्या प्रयोगशाळेत तयार झालेले तान जियाझेन शांघायला राहिले. ऑगस्ट १९५६ मध्ये चिंगदाओ इथे दोन्ही पंथांच्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवून परिषद भरली आणि मेंडेलचे शास्त्र पुन्हा शिकवण्याची मुभा मिळाली. ही मुभाही वरूनच आली होती, हे विसरू नये. जे वरून मिळाले ते दहा वर्षांनी, सांस्कृतिक क्रांतीत, वरूनच गेले.

आणि मग पूर्व जर्मनी. इथे सोव्हिएत फौजा होत्या, म्हणजे दबाव सर्वांत जास्त असायला हवा होता. गाटर्सलेबेन या गावी पिकांच्या संशोधन संस्थेचे प्रमुख होते हान्स श्टुब्ब. नाझी राजवटीत, १९३६ मध्ये, राजकीय कारणावरून त्यांची नोकरी गेलेली, त्यामुळे विज्ञानावर हुकूम सोडणारे सरकार त्यांनी एकदा पाहिलेले होते. नव्या राजवटीने १९५१ मध्ये त्यांना कृषिविज्ञान अकादमीचे अध्यक्ष केले. श्टुब्बनी लायसेन्कोविरुद्ध सभा घेतली नाही की पत्रक काढले नाही. त्यांनी टोमॅटोची कलमे बांधली. सोव्हिएत लेखांत सांगितलेला प्रयोग मोठ्या संख्येने, नीट तुलनेची झाडे ठेवून केला, बिया पेरून पुढची पिढी तपासली आणि १९५४ मध्ये निष्कर्ष छापला: संकराचा पुरावा मिळत नाही. पूर्व जर्मनीतल्या काही विद्यापीठांत लायसेन्कोचा पाठ शिकवला गेला, पण मेंडेल तिथून कधी पूर्णपणे हद्दपार झाला नाही.

असे का झाले? श्टुब्बचा स्वभाव हे एक कारण. पण वीरांच्या गोष्टीवर थांबलो तर आपण पुन्हा तीच चूक करू जी खलनायकाच्या गोष्टीत करतो. दुसरे कारण रुक्ष आहे. १९६१ पर्यंत बर्लिनमधली सीमा उघडी होती. ज्याच्यावर फार दाब येईल तो शास्त्रज्ञ रेल्वेचे तिकीट काढून पश्चिमेला जाऊ शकत होता, आणि अनेक जण गेलेही. सरकारला माणसे राखायची होती. ब्रनोच्या प्राध्यापकापुढे असे तिकीट नव्हते. आमच्या मते या सगळ्या प्रकरणात विद्यापीठाच्या स्वातंत्र्याबद्दल जे शिकण्यासारखे आहे, ते या फरकात आहे. परकी सत्ता दाब देते तेव्हा तो सगळीकडे सारखा पोचत नाही. तो पोचवायला आतली माणसे लागतात: बढतीची आशा असलेली, नोकरीची भीती असलेली, आणि काही थोडी मनापासून पटलेली. ‘नाही’ म्हणणाऱ्याला जिथे दुसरी जागा असते, दुसरी पत्रिका असते, दुसरी प्रयोगशाळा असते, तिथे हीच माणसे सावधपणे वागतात.

ब्रिटनमध्ये याचा पडताळा मिळतो. तिथे लायसेन्कोचे समर्थक नव्हते असे नाही. आपल्याकडे विज्ञान चळवळीत ज्यांचे ग्रंथ आदराने वाचले जातात ते जे. डी. बर्नाल यांनी १९४९ मध्ये लायसेन्कोची बाजू घेतली. जे. बी. एस. हाल्डेन तर स्वतः आनुवंशशास्त्राच्या पहिल्या फळीतले, आणि कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. ३० नोव्हेंबर १९४८ला बीबीसीवर चार शास्त्रज्ञांची भाषणे झाली. फिशर, डार्लिंग्टन आणि हार्लंड यांनी लायसेन्कोवर कडाडून टीका केली. हाल्डेननी मात्र काही बाबतीत त्यांचे समर्थन केले, काही बाबतीत नाही. त्यांच्यासारख्या माणसाला हे शोभले नाही, असे आम्हाला स्पष्ट म्हणावेसे वाटते. पुढे ते पक्षापासून दूर झाले, १९५७ मध्ये भारतात आले, कलकत्त्याच्या आणि नंतर भुवनेश्वरच्या वास्तव्यात इथल्या तरुणांना त्यांनी मेंडेलचेच शास्त्र शिकवले, आणि १९६४ मध्ये इथेच त्यांचे निधन झाले. इथे नोंद घ्यायची ती अशी की बर्नाल वा हाल्डेन यांच्या मतामुळे ब्रिटनमधल्या विद्यापीठांचा अभ्यासक्रम एका ओळीनेही बदलला नाही, आणि त्या मतामुळे त्यांची अध्यासनेही गेली नाहीत. मत हे मतच राहिले.

अमेरिकेत उलटे घडले. ओरेगन राज्यातल्या एका सरकारी महाविद्यालयात राल्फ स्पिट्झर नावाचे रसायनशास्त्राचे सहयोगी प्राध्यापक होते, लायनस पॉलिंगचे विद्यार्थी. सोव्हिएत आनुवंशशास्त्रावरच्या टीकेला उत्तर म्हणून त्यांनी रसायनशास्त्रज्ञांच्या एका साप्ताहिकात पत्र लिहिले. टीका करण्याआधी मूळ वाचा, असा त्याचा सूर होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवायची नाही असे ठरले. महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी कारण देताना या पत्राकडेच बोट दाखवले: जो असा सिद्धान्त मानतो तो शास्त्रज्ञ कसला? पॉलिंगनी निषेध केला. उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठात, कम्युनिस्ट नसल्याच्या शपथेवर सही करायला नकार दिला म्हणून ३१ अध्यापकांना ऑगस्ट १९५० मध्ये काढून टाकण्यात आले.

लायसेन्को चूक होते, यात शंका नाही. म्हणून स्पिट्झरना काढणे बरोबर ठरते का? आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एक मत असे पडले की, चुकीचे शास्त्र सांगणाऱ्याला संस्थेने का पोसावे. पण स्पिट्झर रसायनशास्त्र शिकवत होते, आणि त्यांच्या रसायनशास्त्रात कोणी खोट काढली नव्हती. परक्या सत्तेचा प्रभाव रोखायचा म्हणून महाविद्यालयाने जे केले, ते त्या परक्या सत्तेच्याच रीतीने केले. प्रयोगाने द्यायचे उत्तर नेमणुकीच्या कागदाने दिले. गाटर्सलेबेनच्या टोमॅटोंना आणि ओरेगनच्या त्या निर्णयाला एकाच पारड्यात घालता येत नाही. दोघांनीही लायसेन्कोला विरोध केला, पण एकाने ज्ञानात भर घातली आणि दुसऱ्याने एक नोकरी घालवली.

आज चिठ्ठ्या वेगळ्या तऱ्हेने येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने ‘चायना क्वार्टर्ली’ या संशोधनपत्रिकेतले तीनशेहून अधिक लेख चीनमधल्या वाचकांना दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली. तिआनानमेन, तिबेट, सांस्कृतिक क्रांती हे विषय. मागणी चिनी आयात संस्थेकडून आली होती, आणि बाकीची पुस्तके तिथे मिळत राहावीत म्हणून मान्य केली, असे प्रकाशनगृहाने सांगितले. तुरुंग नाही, फौज नाही, नुसता बाजार. जगभरच्या अभ्यासकांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच लेख परत दिसू लागले. पुन्हा तेच: दाब बाहेरचा, पण कळ दाबणारे बोट केंब्रिजचे होते.

पुस्तकाचा शेवट जसा छापला तसा इतिहासाचा झाला नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह गेले, १९६५च्या सुरुवातीला लायसेन्कोंचे आनुवंशशास्त्र संस्थेचे संचालकपद गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मेंडेलने आपला निबंध वाचला त्याला शंभर वर्षे झाली म्हणून ब्रनोत जगभरचे आनुवंशशास्त्रज्ञ जमले. सोव्हिएत शास्त्रज्ञही आले. तुरुंगातून सुटल्यावर क्रिझेनेत्स्की यांनी मेंडेलचे संग्रहालय उभारायला घेतले होते. त्यांना ही परिषद पाहता आली नाही. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

आमच्या हाती आलेल्या प्रतीवरचा ‘रद्द’ हा शेरा मात्र आम्हाला खटकतो. ज्या ग्रंथपालांनी तो मारला त्यांचा हेतू बहुधा फडताळ मोकळे करण्याचा असेल. तरीही हे पुस्तक, त्यातल्या सगळ्या चुकांसकट, अध्यापक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत असायला हवे. चुकीच्या शास्त्राचा इतका प्रांजळ दस्तऐवज सहसा मिळत नाही, कारण तो छापणाऱ्यांना तो विजयाचा दस्तऐवज वाटत होता. पूर्ण वाचायचे नसेल त्यांनी तीनच भाग वाचावेत: रापोपोर्टचे भाषण, नेमचिनोव्हचे भाषण, आणि सातव्या तारखेची सकाळ. अकरावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी जड जाईल, पण एका तासात शिक्षकाने अर्थ सांगत वाचून दाखवण्यासारखे ते आहे. वाचताना कंस गाळू नयेत.

या तीन भागांच्या झेरॉक्स प्रती आम्ही करून ठेवल्या आहेत. ज्या शिक्षकांना हव्या असतील त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले मोठे पाकीट आमच्या कार्यालयाकडे पाठवावे.